मेरुरज्जूची इजा : लोहचयापचय व निद्राकालीन हालचाली

मेरुरज्जूला इजा झाल्यावर शरीरातील लोहाच्या वापरात होणारे बदल आणि झोपेत पायांना ठरावीक अंतराने बसणारे आचके यांचा येथे एकत्र विचार केला आहे. पाय सतत हलवावेसे वाटणे (रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम, ‘अस्वस्थ पाय’) हा संलग्न पण वेगळा विकार होय.

इतिहास : अस्वस्थ पायांचे वर्णन इंग्रज वैद्य टॉमस विलिस यांनी १६७२ मध्ये लॅटिनमध्ये केले. स्वीडनचे कार्ल-आक्सेल एकबोम यांनी १९४५ मध्ये विकाराची सविस्तर मांडणी केली. झोपेतील आचक्यांवर लंडनचे चेताविकारतज्ज्ञ चार्ल्स सायमंड्‌स यांनी १९५३ मध्ये लिहिले. ब्रिटनमध्ये मेरुरज्जूच्या रुग्णांसाठी लूटविख गुटमान यांनी स्टोक मँडेव्हिल (एल्सबरी) येथे १९४४ मध्ये केंद्र सुरू केले. शय्याव्रण टाळण्यासाठी रुग्णाची कूस रात्रीही दर दोन तासांनी बदलण्याचा तेथील शिरस्ता पुढे सर्वत्र रूढ झाला.

लक्षणे व निदान : आचक्यात पायाचा अंगठा वर उचलला जातो, पाठोपाठ घोटा, कधी गुडघा व खुबाही दुमडतो. हालचाल ०.५ ते १० सेकंद टिकते व ५ ते ९० सेकंदांनी पुन्हा होते. अशा किमान चार हालचालींची मालिका धरतात. प्रौढांत ताशी १५ हून अधिक हालचाली लक्षणीय मानल्या जातात. नडगीच्या स्नायूवर विद्युतग्र लावून त्या मोजतात. इजा संपूर्ण असल्यास रुग्णाला काहीच जाणवत नाही. तक्रार जोडीदाराकडून येते आणि अंगग्रहाशी (स्नायू आखडण्याशी) गल्लत होते. मेंदूशी संपर्क तुटूनही आचके येतात, त्यावरून त्यांचा उगम मेरुरज्जूतच असावा असे अनेक अभ्यासक मानतात.

लोहचयापचय : अस्वस्थ पायांचा संबंध डोपामीन या चेतासंदेशवाहकाशी जोडला जातो; ते तयार करणाऱ्या टायरोसीन हायड्रॉक्सिलेज या एंझाइमाला लोह लागते, म्हणून अस्वस्थ पायांच्या रुग्णात लोह तपासतात. सर्वसाधारणपणे रक्तद्रवातील फेरिटिन (लोह साठवणारे प्रथिन) लिटरला ३० मायक्रोग्रॅमखाली गेल्यास कमतरता धरतात. या विकारात मात्र ते ७५ खाली जाताच लोह देण्याचा विचार होतो. मेरुरज्जूच्या रुग्णात हा आकडा फसवा ठरतो. शय्याव्रण व मूत्रमार्गाचा संसर्ग यांमुळे दाह टिकून राहतो; यकृतातून हेप्सिडिन हे लोहनियंत्रक संप्रेरक अधिक स्रवते, आतड्यातून लोह कमी शोषले जाते व साठ्यातले अडकून पडते. फेरिटिन मात्र दाहामुळेच वाढते. परिणामी साठा भरलेला दिसतो आणि रक्तनिर्मितीला लोह मिळत नाही. म्हणून ट्रान्सफेरिन या लोहवाहक प्रथिनाची संपृक्तता (२० टक्क्यांखाली कमी) व दाह दर्शवणारे सी-रिॲक्टिव्ह प्रथिन सोबत पाहणे इष्ट. इजेनंतरच्या आचक्यांना लोहाची कमतरता कितपत जबाबदार, याविषयी एकमत नाही.

उपचार : फेरस सल्फेटच्या २०० मिग्रॅ. गोळीत सुमारे ६५ मिग्रॅ. लोह असते. तिने बद्धकोष्ठ होते. आतड्यावरचा ताबा गेलेल्या रुग्णाला ते विशेष जाचक. दाह असल्यास शिरेतून लोह देणे सोयीचे. रोपिनिरोल, प्रामिपेक्सोल यांनी आचके कमी होतात, पण रक्तदाब उतरू शकतो. मानेच्या इजेत हा धोका अधिक. दीर्घ वापराने अस्वस्थ पायांचा त्रास उलट बळावतो, काहींना जुगाराचा नाद लागतो. त्यांना पर्याय म्हणून दिली जाणारी गॅबापेंटिन व प्रीगॅबालिन ही औषधे ब्रिटनमध्ये एप्रिल २०१९ पासून नियंत्रित आहेत.

फलानुमान : लोह भरून निघाल्यास पांडुरोग (रक्तक्षय) सुधारतो, आचके थांबतीलच असे नाही.