आईचे घर

राजा रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वती मराठी घराघरांत पोचल्या. परंतु १८९३ मधील त्याचे एक घरगुती चित्र आपल्याकडे फारसे कोणास ठाऊक नसते. कडेवर मूल घेतलेली एक तरुणी चौकटीबाहेरून येणारा बाप त्या मुलास दाखवीत आहे. ही तरुणी म्हणजे चित्रकाराचीच कन्या. यात नवल ते काय, असे आपल्याला वाटेल. पण ज्या समाजात हे चित्र जन्मले, तेथे बाप हा घरचा धनी नव्हे, पाहुणा होता.

मलबार, कोचीन व त्रावणकोर येथे नायर व इतर काही जातींत वंश आईकडून चाले. आईच्या कुळाचे घर आणि जमीन म्हणजे ‘तरवाड’. स्त्री जन्मभर तेथेच राही आणि तिची मुलेही तेथलीच. तिचा ‘संबंधम’ ज्याच्याशी होई तो रात्री येई व सकाळी आपल्या आईच्या घरी परते. संबंध तुटला तरी तिच्या डोक्यावरचे छप्पर जात नसे. त्याच काळात आपल्याकडे विधवांच्या केशवपनावर वाद चालला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या छपराचे मोल कळते.

अर्थात् ते स्त्रीराज्य नव्हते. कारभार ‘कारणवरा’च्या, म्हणजे बहुधा मामाच्या हाती असे. नंबूद्री पित्याकडून नायर स्त्रीच्या मुलांना वारसा मिळत नसे. आणि त्याच तरवाडाच्या शेतांत राबणाऱ्या पुलय स्त्रीला उंबऱ्याजवळही येऊ देत नसत.

इंग्रजी न्यायालयांना संबंधम हा विवाहच वाटेना. शिकलेल्या नायर तरुणांनाही त्याची लाज वाटू लागली. १८९१ मध्ये चौकशी आयोग बसला. ‘इंदुलेखा’कार चंदु मेनन त्याचे सदस्य होते, संबंधम हा विवाहच होय, असे भिन्न मत त्यांनी नोंदविले. तरीही १८९६ मध्ये नोंदणीचा कायदा झाला. नोंदणी करावयास आले मात्र फारच थोडे! पुढे त्रावणकोरात १९१२ व १९२५ मध्ये, मलबारात १९३३ मध्ये कायदे झाले. बायको-मुलांना नवऱ्याच्या मिळकतीवर हक्क आला आणि तरवाडाच्या वाटण्या सुरू झाल्या. उरलीसुरली एकत्र कुटुंबपद्धती १९७५ च्या केरळच्या कायद्याने मोडली. सुधारकांचा हेतू शुद्ध होता यात शंका नाही. तथापि स्त्रीला कायदेशीर नवरा मिळाला तेव्हा तिचे कायमचे घर गेले, हा व्यवहार तिला विचारून झाला नव्हता.

केरळात १९०१ मध्ये दर हजार पुरुषांमागे १००४ स्त्रिया होत्या, २०११ मध्ये १०८४. साऱ्या देशात हेच आकडे ९७२ व ९४३. याचे सर्व श्रेय मातृवंशाला देणे भाबडेपणाचे होईल. मिशनऱ्यांच्या व संस्थानांच्या शाळा, दवाखाने, पुढली जमीनसुधारणा यांचाही त्यात वाटा आहे. पण मुलगी ही घराची वंशवाहक असलेल्या समाजात तिला शाळेत धाडणे जड गेले नाही, एवढे खास.

प्रदीप पांडा व बिना अगरवाल यांनी तिरुअनंतपुरम् जिल्ह्यातील सुमारे ५०० विवाहितांची पाहणी करून २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. नवऱ्याच्या मारहाणीचा दीर्घकाळ अनुभव सांगणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण, नावावर काहीच नसलेल्यांत शेकडा ४९ होते. घर आणि जमीन दोन्ही असलेल्यांत शेकडा ७. घर नावावर असलेल्या स्त्रीला निघून जाण्याची सोय असते, आणि ती सोय नवऱ्यालाही ठाऊक असते.