मद्यपान आणि यकृत

मद्यपानाविषयी आपल्याकडे बोलले जाते ते पैशाची नासाडी, घरातील कलह आणि अप्रतिष्ठा यांच्या संदर्भात. शरीराच्या आत काय घडते, हे मात्र नांदेड-लातूर परिसरातील अनेक कुटुंबांना रुग्ण खाटेला खिळल्यावरच कळते. म्हणून या विषयाची थोडक्यात माहिती आम्ही येथे देत आहोत.

यकृताचे कार्य

यकृत उजव्या बाजूस बरगड्यांखाली असते. प्रौढ व्यक्तीत त्याचे वजन सुमारे दीड किलो भरते. पित्त तयार करणे, साखर साठविणे, रक्त गोठविणारी प्रथिने बनविणे आणि विषारी द्रव्यांचा निचरा करणे ही त्याची प्रमुख कामे होत. मद्यार्काचे विघटन मुख्यत्वे यकृतातच होते. त्या वेळी ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य निर्माण होऊन पेशींना इजा पोहोचते.

यकृत ताशी साधारणतः ७ ते ८ ग्रॅम मद्यार्क हाताळू शकते. ४२.८ टक्के मद्यार्क असलेल्या व्हिस्कीच्या १८० मिलीलिटरच्या बाटलीत सुमारे ६० ग्रॅम मद्यार्क असतो. म्हणजे यकृताला सुमारे आठ तासांचे काम. ८ टक्क्यांच्या ६५० मिलीलिटर बिअरमध्येही तो ४० ग्रॅम असतो. त्यामुळे ‘बिअर म्हणजे दारू नव्हे’ हा समज निराधार आहे. हातभट्टीच्या दारूत तर हे प्रमाण पिणाऱ्यालाही ठाऊक नसते.

आजाराच्या अवस्था

पहिल्या अवस्थेत यकृतात चरबी साठते. तेव्हा बहुधा काहीच त्रास जाणवत नाही. मद्य पूर्ण थांबविल्यास काही आठवड्यांत ही चरबी ओसरू शकते. पुढे यकृताला सूज येऊन कावीळ, ताप, भूक मंदावणे ही लक्षणे दिसतात. शेवटच्या अवस्थेत यकृत आक्रसून कठीण होते. यालाच सिरोसिस म्हणतात. पोटात पाणी साठणे, पाय सुजणे, रक्ताची उलटी, काळे शौच, बोलण्यात भ्रम ही त्याची गंभीर चिन्हे होत. ती दिसताच रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे. स्त्रियांच्या यकृताला तुलनेने कमी मद्यानेही हानी पोहोचते.

कावीळ झाली की गळ्यात माळ घालणे अथवा झाडपाल्याचे औषध घेणे ही आपल्याकडील जुनी रीत आहे. त्यात मोलाचा वेळ जातो आणि काही वनस्पती यकृताला अपायकारकही ठरतात. नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था येथे तपासणी व उपचार घेता येतात.

मद्य सोडताना

आपल्यापैकी अनेक जण राखेच्या बुधवारी मद्य सोडतात आणि ईस्टरला पुन्हा हाती घेतात. चाळीस दिवसांत यकृताने मिळविलेली उसंत त्यामुळे वाया जाते. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून एकाएकी मद्य थांबवू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत थरथर, झटके व भ्रम होऊन जीवावर बेतू शकते. अशा वेळी घरच्यांनी टोमणे न मारता त्याला दवाखान्यात न्यावे. टेली-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावरही विनामूल्य सल्ला मिळतो.

यकृताची काळजी

हेपॅटायटिस ‘बी’ची लस घ्यावी. पाणी उकळून प्यावे. वजन व मधुमेह आटोक्यात ठेवावा, कारण मद्य न घेणाऱ्यांच्याही यकृतात चरबी साठते. पॅरासिटामॉलसारखी वेदनाशामक औषधे मद्याबरोबर वा मनाने अधिक घेऊ नयेत. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

यकृत दीर्घकाळ मुकाट्याने सोसते. ते दुखत नाही म्हणून निरोगी आहे, असे मानू नये. पिणाऱ्या व्यक्तीने कावीळ होण्याची वाट न पाहता आजच रक्ताची तपासणी करून घ्यावी, अशी आमची कळकळीची विनंती आहे.