एका अंडरस्कोरची गोष्ट

गेल्या शनिवारी मामेबहिणीचा फोन. "दादा, सरांची जुनी लायब्ररी माझ्या लिनक्सवर बिल्डच होत नाहीये. नाही झाली तर थिसिसमधलं एक प्रकरण सोडून द्यावं लागेल." आता मी पडलो आयटीवाला. घरच्या प्रिंटरपासून बहिणीच्या पीएचडीपर्यंत सगळं आपल्याच गळ्यात! बसलो लॅपटॉप घेऊन.

सी मधल्या फायली सुरळीत कंपाइल झाल्या आणि टेस्ट प्रोग्रॅम जोडताना लिंकर अडला: 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू डीजेम'. डीजेम म्हणजे मॅट्रिक्सचा गुणाकार करणारं, ब्लास लायब्ररीतलं रुटीन. पण ब्लास तर मशीनवर होती! तीनदा काढून परत टाकली. ढिम्म. रविवारी दुपारी 'एनएम' कमांड वापरून तिच्या पोटात डोकावलो. नाव होतं, पण मागे एक शेपूट: 'डीजेम_'.

हे आलं कुठून? त्यासाठी बरंच मागे जावं लागतं. १९५७ साली जॉन बॅकसच्या टीमने आयबीएम ७०४ साठी फोरट्रान आणली. त्या मशीनचा वर्ड ३६ बिटांचा, अक्षराला ६ बिट, म्हणजे एका वर्डमध्ये ६ अक्षरं. नावांवरची ही मर्यादा फोरट्रान ७७ मध्येही राहिली. म्हणून तर १९९० मध्ये मांडलेल्या डीजेमचं नाव इतकं आखडलेलं: डी म्हणजे डबल प्रिसिजन, जीई म्हणजे जनरल, एमएम म्हणजे मॅट्रिक्स गुणिले मॅट्रिक्स.

शेपूट मात्र बेल लॅब्जमधलं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस स्टुअर्ट फेल्डमन आणि पीटर वाइनबर्गर यांनी युनिक्ससाठी एफ७७ कंपायलर लिहिला. युनिक्सची लायब्ररी सी मध्ये. कुणी फोरट्रानमध्ये आपल्या सबरुटीनला 'ओपन' नाव दिलं, तर सी च्या 'ओपन'शी टक्कर ठरलेली. मग काय, फोरट्रानच्या नावामागे लावा एक अंडरस्कोर! गंमत म्हणजे ज्या 'मेक'वर मी दोन दिवस बिल्ड चालवत होतो, तेही याच फेल्डमनने १९७६ मध्ये लिहिलेलं.

पुढे लिनक्सवरच्या जीफोरट्राननेही हीच रीत ठेवली. आयबीएमच्या कंपायलरने मात्र एआयएक्सवर आपणहून अंडरस्कोर लावला नाही. आणि सरांचा कोड मूळचा एआयएक्सवरचा! तिथे 'डीजेम' बरोबर, इथे 'डीजेम_' बरोबर.

हेडरमध्ये एक ओळ घातली, बिल्ड झालं. टेस्टचे आकडे सरांच्या जुन्या आउटपुटशी ताडून पाहिले, जुळले.

"म्हणजे सरांचंच चुकलं होतं?" बहिणीने विचारलं.

"नाही गं. त्यांच्या मशीनवर ते बरोबरच होतं. फक्त कुठे लिहून ठेवलं नव्हतं."

हे बोलताना ऑफिसातला माझाच कोड आठवला... असो. त्या ओळीवर चार ओळींची कॉमेंट टाकली, आणि मगच लॅपटॉप मिटला.