बोरघाट ते मुरूड : ब्रेकच्या तेलाचा दोनशे वर्षांचा उतार

#थ्रेड

(१/१३)
रायगडचा किनारा आणि देश यांच्यामध्ये सह्याद्री उभा आहे. चढण्याचा प्रश्न बैलांनी, वाफेने आणि पुढे पेट्रोलने सोडवला; उतरण्याचा प्रश्न मात्र ब्रेकलाच सोडवावा लागला. लाखभर किलोमीटर पळालेल्या मोटारीच्या बॉनेटखालच्या लहानशा डबीतील तेल हा त्याच इतिहासाचा ताजा अध्याय होय.

(२/१३)
१० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. वाट इंग्रजांना शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखवली, अशी लोककथा आहे. घाटातील त्याच्या देवळापाशी वाहनचालक आजही हात जोडतात. उतारावर माणसाला कशाचा तरी आधार हवा असतो, हे त्यातून दिसते.

(३/१३)
२१ एप्रिल १८६३ रोजी याच घाटात रेल्वे सुरू झाली. पावणेसोळा मैलांत १८३१ फूट चढण, २५ बोगदे आणि काही ठिकाणी ३७ फुटांमागे एक फूट इतका तीव्र उतार. वळणाला जागा नसल्याने मध्ये एक रिव्हर्सिंग स्टेशन होते. तेथे गाडी थांबून उलट दिशेने निघे. म्हणजे ब्रेक लागलाच पाहिजे, ही त्या आखणीची मूळ अट होती.

(४/१३)
जानेवारी १८६९ मध्ये ही अट मोडली. उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक निकामी झाले, गाडी रिव्हर्सिंग स्टेशनात थांबली नाही आणि भीषण अपघात झाला. योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांनी हवेच्या ब्रेकचे पेटंट घेतले. १८७२ च्या सुमारास त्यांनी त्यात महत्त्वाची सुधारणा केली : नळी फुटली तर ब्रेक सुटण्याऐवजी आपोआप लागावा.

(५/१३)
घाटातील रेल्वेने आणखी एक शहाणपण जपले. उतारावर कॅच सायडिंग असतात. सांधा एरवी त्या आडवाटेकडे वळवलेला असतो. गाडीने आधी थांबून आपण ताब्यात आहोत हे सिद्ध करायचे, मगच मुख्य मार्ग मिळतो. ब्रेक चालतो असे गृहीत धरायचे नाही, दर वेळी तपासायचे, हा नियम मोटारीच्या मालकाने मात्र उचलला नाही.

(६/१३)
मोटारीच्या ब्रेकची वाट वेगळी निघाली. सुरुवातीला सळ्या आणि तारा ओढून ब्रेक लागत. चारही चाकांना सारखा ताण मिळणे कठीण, त्यामुळे गाडी एका अंगाला खेचे. बंद द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखा पोहोचतो, हा सतराव्या शतकातील पास्कलचा सिद्धांत येथे उपयोगी पडला. माल्कम लॉकहीड यांनी १९१७ च्या सुमारास द्रवचालित ब्रेकचे पेटंट घेतले, १९२१ च्या ड्युसेनबर्ग गाडीत तो चारही चाकांना आला, आणि १९२४ मध्ये क्रायस्लरने तो सामान्य ग्राहकापर्यंत नेला.

(७/१३)
नळीत भरायचे काय? पाणी उकळते आणि गंज चढवते. खनिज तेलाने त्या काळचे नैसर्गिक रबर फुगे. म्हणून आरंभी एरंडेल आणि अल्कोहोल यांचे मिश्रण वापरात आले. पुढे ग्लायकॉल वर्गातील कृत्रिम द्रव आले. गॅरेजात त्याला आजही ‘ब्रेक ऑईल’च म्हणतात, पण इंजिन ऑईलशी त्याचे नाते नाही; चुकून इंजिन ऑईल ओतले तर सिलिंडरचे रबरी कप फुगून सारी यंत्रणा बाद होते.

(८/१३)
या द्रवाचा एक स्वभाव किनाऱ्यावरील माणसाने ओळखावाच. तो हवेतील ओलावा शोषतो. डॉट ३ प्रतीचे नवे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असे मानक सांगते. पण त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरले की ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या दमट हवेत हे मुरणे गाडी उभी असतानाही चालू राहते. आठवडाभर अंगणात झाकून ठेवलेली गाडी ‘फारशी चालत नाही’, म्हणून तिचे तेल ताजे राहत नाही.

(९/१३)
आता हिशेब मांडू. माणसांसह १२०० किलो वजनाची गाडी ५५० मीटर खाली उतरते, तेव्हा सुमारे ६५ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. तेवढ्या उष्णतेत २२ लिटर पाणी तीस अंशांवरून उकळीला येईल. गिअर खालचा असेल तर बराच भार इंजिन पेलते. गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, तर हवेचा रोध वगळता सगळा भार ब्रेकवर पडतो. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये घाट उतरण्याची सवय किती महागात पडते, याचे उत्तर या हिशेबात आहे.

(१०/१३)
तापलेल्या सिलिंडरात मुरलेले पाणी वाफ होते. द्रव दबत नाही, वाफ दबते. पेडल थेट तळाला जाते. घातक बाब पुढेच आहे : गाडी थंड झाली की वाफेचे पुन्हा पाणी होते आणि पेडल पूर्ववत घट्ट लागते. गॅरेजात तपासणाऱ्याला दोष सापडत नाही. पुरावा आपोआप पुसला जातो आणि दोष सहज चालकाच्या माथी बसतो.

(११/१३)
जास्त पळालेल्या गाड्यांची पाठशाळा म्हणजे मुंबईची काळी-पिवळी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ला कारखान्यातून निघालेली पद्मिनी दशकानुदशके टॅक्सी म्हणून धावली आणि २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. चारही चाकांना ड्रम असलेली ती गाडी टिकली ती लायनर बदलणे, ड्रम घासणे, कप बदलणे आणि नळीतली हवा काढणे या नित्याच्या कामांवर. तेव्हाचे मिस्त्री हे काम दुरुस्तीत धरत नसत. ती देखभालच होती.

(१२/१३)
किनाऱ्यावर याला मिठाची जोड मिळते. काशीद-नागावच्या पुळणीवर उतरवलेल्या मोटारीच्या तळाला खारी वाळू चिकटते. तिने लोखंडी ब्रेक पाईप गंजतात आणि कॅलिपरच्या पिना जाम होतात. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मोटारी थेट मांडव्याला उतरू लागल्या आणि शहरातील जुन्या गाड्यांना ही खारी हवा अधिकच जवळची झाली. परतल्यावर गोड्या पाण्याने तळ धुणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

(१३/१३)
रेल्वेने अपघातातून शिकलेला नियम घरच्या गाडीला लावायचा तर काय करावे? बहुतेक गाड्यांत ब्रेक ऑईल साधारण दोन वर्षांनी पूर्ण बदलावे. नेमकी मुदत आणि प्रत गाडीच्या पुस्तिकेत असते. डबीतली पातळी उतरली तर नुसते टॉपअप करू नये. पॅड झिजले की पातळी हळूहळू उतरते, आणि एकाएकी उतरली तर कुठेतरी गळती असते. वरून ओतलेले तेल दोन्ही खुणा झाकते. रबरी होज, व्हील सिलिंडर आणि हँडब्रेक पावसाळ्यापूर्वी पाहून घ्यावेत. आणि कशेडी किंवा बोरघाट उतरण्याआधी, सपाटीवरच, एकदा पेडल दाबून ठेवावे. ते हळूहळू खाली सरकत असेल, तर घाट उतरायचा नाही.