व्यापारी इमारतीसाठी धातूचे छप्पर : निवड कोणत्या निकषांवर करावी

गोदाम, कारखाना, शीतगृह, बाजार संकुल किंवा वाहनांचे दालन बांधताना आज देशभर धातूच्या छपराला पसंती दिली जाते. ते वजनाला हलके असते, लवकर उभे राहते आणि मधे खांब न घेता मोठा गाळा झाकता येतो. परंतु ‘पत्रा’ या एकाच शब्दाखाली अनेक भिन्न वस्तू विकल्या जातात. वरून सारखे दिसणारे दोन पत्रे टिकाऊपणात फार वेगळे ठरू शकतात. एक दोन दशके निर्वेध टिकतो, तर दुसऱ्याला पाचव्या पावसाळ्यातच खिळ्यांभोवती गंज धरतो. छप्पर गळू लागले की केवळ पत्र्याची हानी होत नाही. त्याखालचा माल, यंत्रे आणि वीजवाहिन्या यांचेही नुकसान होते. त्यामुळे ही निवड चौरस फुटाच्या दरावर सोडून चालत नाही. धातू, मुलामा, जोडणीची पद्धत, स्थानिक हवामान आणि इमारतीचा वापर या पाच गोष्टींचा एकत्रित विचार करावा लागतो.

पत्र्याचा पूर्वेतिहास

नालीदार लोखंडी पत्र्याचे पेटंट इंग्लंडमध्ये हेन्री रॉबिन्सन पामर यांनी १८२९ मध्ये घेतले. सपाट पत्र्याला लाटांसारखा आकार दिल्यास तोच पत्रा कितीतरी पट अधिक भार पेलतो, हे त्यामागील तत्त्व होते. १८३७ मध्ये फ्रान्सचे स्तानिस्लास सोरेल यांनी लोखंडाला वितळलेल्या जस्ताचा मुलामा देण्याचे पेटंट घेतले. या दोन्ही शोधांच्या संयोगातून जस्ती पत्रा जन्माला आला. बंदरे, रेल्वे आणि गिरण्या यांच्याबरोबर तो भारतात पसरला. १९७० च्या दशकात अॅल्युमिनियम आणि जस्त यांच्या मिश्रधातूचा मुलामा असलेला पत्रा अमेरिकेत व्यापारी उत्पादनात आला. बाजारात ‘गॅल्व्हॅल्यूम’ या नावाने ओळखला जाणारा पत्रा तो हाच.

धातू आणि मुलामा

जस्ती पोलादी पत्रा सर्वांत परिचित आणि तुलनेने स्वस्त आहे. त्यासाठी आयएस २७७ हे भारतीय मानक लागू आहे. जस्ताचे प्रमाण पत्र्याच्या दोन्ही बाजू मिळून प्रति चौरस मीटर किती ग्रॅम, या एककात सांगितले जाते. १२० ग्रॅमचा पत्रा आणि २७५ ग्रॅमचा पत्रा डोळ्यांना सारखेच दिसतात. मात्र जस्त हळूहळू झिजत असल्यामुळे त्यांचे आयुष्य जस्ताच्या प्रमाणानुसारच ठरते. जस्ताचा एक मोठा गुण म्हणजे ओरखडा पडला किंवा कड कापली गेली, तरी शेजारचे जस्त स्वतः झिजून पोलादाचे रक्षण करते.

अॅल्युमिनियम-जस्त मुलाम्यात वजनाने ५५ टक्के अॅल्युमिनियम, सुमारे ४३.४ टक्के जस्त आणि १.६ टक्के सिलिकॉन असते. त्याचे मानक आयएस १५९६१ असे आहे. छपरासाठी प्रति चौरस मीटर १५० ग्रॅमचा मुलामा सर्रास वापरला जातो. हा मिश्रधातू जस्ताहून हलका असल्याने १५० ग्रॅममध्ये मिळणारी जाडी २७५ ग्रॅम जस्ताइतकीच, म्हणजे दोन्ही बाजू मिळून सुमारे ४० मायक्रॉन भरते. समान जाडीच्या जस्तापेक्षा तो बहुतेक हवामानात अधिक काळ टिकतो. त्याच्या मर्यादाही लक्षात घ्याव्या लागतात. ओले सिमेंट, चुना आणि अमोनिया यांच्याशी त्याचे जमत नाही. म्हणून गोठे आणि कुक्कुटपालनाच्या शेडसाठी हा पत्रा उघड्या स्वरूपात वापरू नये.

रंगीत पत्रा म्हणजे वरीलपैकी एका पत्र्यावर कारखान्यातच रंगाचा थर भाजून बसवलेला पत्रा होय. साधा पॉलिस्टर, सिलिकॉनयुक्त पॉलिस्टर, अधिक टिकाऊ पॉलिस्टर आणि पीव्हीडीएफ असे रंगाचे प्रकार असून, याच क्रमाने सामान्यतः त्यांचा टिकाऊपणा आणि किंमत वाढत जाते. रंगाखाली कोणता मुलामा आहे हे वरून कळत नाही. ‘रंगीत पत्रा’ एवढीच मागणी नोंदवणाऱ्या ग्राहकाला कमी मुलाम्याचा माल मिळण्याचा धोका येथेच असतो.

अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर तांबडा गंज चढत नाही आणि त्याचे वजन पोलादाच्या साधारण एक तृतीयांश असते. खाऱ्या हवेत तो उपयुक्त ठरतो. परंतु त्याचा ताठरपणाही पोलादाच्या एक तृतीयांशच असल्याने पत्रा जाड घ्यावा लागतो किंवा आधाराच्या पट्ट्या, म्हणजेच पर्लिन, जवळजवळ बसवाव्या लागतात. तांबे आणि जस्ताचे पत्रे दीर्घायुषी असले, तरी किमतीमुळे ते वारसा इमारती किंवा खास वास्तूंपुरते मर्यादित आहेत. तांब्यावरून वाहणारे पाणी जस्ती किंवा अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर पडू देऊ नये; त्यातील तांब्याच्या अंशामुळे खालचा पत्रा वेगाने खंगतो.

जाडी नेमकी कोणती?

ग्राहक आणि पुरवठादार यांच्यातील वादाचे एक मोठे कारण जाडी हे आहे. जाडी दोन प्रकारे सांगितली जाते. एक मूळ पोलादाची जाडी आणि दुसरी मुलामा व रंग धरून होणारी एकूण जाडी. एकूण ०.५० मिलिमीटर जाडीच्या रंगीत पत्र्यात मूळ पोलाद सुमारे ०.४२ ते ०.४५ मिलिमीटरच असू शकते. भार पेलण्याचे काम मूळ पोलाद करते. रंग करत नाही. त्यामुळे मागणीपत्रात मूळ पोलादाची जाडी, पोलादाची ताकद, मुलाम्याचे प्रमाण आणि रंगाचा प्रकार या चारही बाबी स्वतंत्रपणे लिहाव्यात. ‘गेज’ हा शब्द बाजारात रूढ असला, तरी तो करारात पुरेसा नाही. माल उतरवून घेताना गठ्ठ्यावरील मानक चिन्ह आणि कारखान्याचे चाचणी प्रमाणपत्र तपासणे हा ग्राहकाचा हक्क आहे.

जोडणीच्या पद्धती

पहिली पद्धत पत्रा आरपार छेदून स्क्रूने पर्लिनला पक्का करण्याची आहे. ती स्वस्त आहे, सोपी आहे आणि लहान शहरांतील कारागिरांनाही अवगत आहे. मात्र प्रत्येक स्क्रू म्हणजे छपराला पडलेले एक छिद्र असते. पाणी रोखण्याची भिस्त स्क्रूखालच्या रबरी वायसरवर असते आणि हे रबर उन्हाने कडक होऊन तडकते. स्क्रू फार आवळला तर वायसर चेपतो, सैल राहिला तर पाणी झिरपते. अनेक छपरांची गळती पत्र्यातून होत नाही. ती या चुकीतून होते. स्क्रूचा मुलामाही पत्र्याच्या तोडीचा हवा. अन्यथा पत्रा शाबूत राहतो आणि स्क्रू गंजून जातात.

दुसऱ्या पद्धतीत शेजारच्या पत्र्यांच्या उभ्या कडा एकमेकींत यंत्राने दुमडल्या जातात आणि खाली लपलेल्या चापांवर पत्रा धरून ठेवला जातो. तिला उभ्या शिवणीचे छप्पर म्हणता येईल. यात पत्र्याला छिद्रे पडत नाहीत, कमी उतारावरही पाणी अडते आणि चाप सरकते असल्याने पत्र्याला प्रसरणाला वाव मिळतो. हा वाव महत्त्वाचा आहे. तापमानात ४० अंशांचा फरक पडल्यास ३० मीटर लांबीचा पोलादी पत्रा सुमारे १४ मिलिमीटर, तर अॅल्युमिनियमचा पत्रा सुमारे २८ मिलिमीटर लांबतो. स्क्रूने जखडलेल्या लांब पत्र्यात ही हालचाल स्क्रूची छिद्रे मोठी करत जाते. त्यामुळे मोठ्या लांबीच्या छपरांना उभी शिवण अधिक योग्य ठरते. मात्र तिला प्रशिक्षित पथक आणि यंत्रसामग्री लागते.

तिसरा पर्याय दोन पत्र्यांच्या मध्ये उष्णतारोधक थर असलेल्या तयार तक्त्यांचा आहे. सांगली परिसरातील बेदाण्याची शीतगृहे, औषधनिर्मितीचे कारखाने आणि अन्नप्रक्रिया केंद्रे यांना असे तक्ते सोयीचे पडतात. आतला थर पॉलियुरेथेन फोमचा असेल, तर उष्णतारोध उत्तम मिळतो. पण हा फोम जळणारा आहे. आगीचा धोका असलेल्या ठिकाणी न जळणाऱ्या रॉकवूलचा पर्याय तपासावा आणि अग्निशमन विभागाच्या अटी खरेदीआधीच समजून घ्याव्यात.

वाऱ्याचे गणित

छप्पर स्वतःच्या वजनाने जागेवर राहते, असा समज सर्वत्र आढळतो. आकडे त्याला छेद देतात. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे वजन प्रति चौरस मीटर साधारण साडेचार किलो भरते. आयएस ८७५ या मानकाच्या तिसऱ्या भागात देशाची विभागणी सेकंदाला ३३, ३९, ४४, ४७, ५० आणि ५५ मीटर अशा मूलभूत वाऱ्याच्या वेगांत केली आहे. मुंबईसाठी हा वेग ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर आहे. या वेगाचा मूलभूत दाब प्रति चौरस मीटर सुमारे ११८ किलो वजनाइतका होतो. वारा छपरावरून वाहताना दाबतो त्याहून अधिक वर ओढतो आणि ही ओढ कडा, कोपरे व आढे येथे सर्वाधिक असते. म्हणून छपराच्या मध्यभागी पुरणारे स्क्रूंचे अंतर कडेला पुरत नाही. तेथे स्क्रू आणि पर्लिन दोन्ही दाट हवेत.

याच मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत पूर्व किनारा आणि गुजरातच्या किनाऱ्यालगत ६० किलोमीटरच्या पट्ट्यासाठी चक्रीवादळाचा वाढीव गुणक आला. औद्योगिक इमारतींना तो वेगावर १.१५ पट लागतो. दाब वेगाच्या वर्गानुसार वाढत असल्याने प्रत्यक्ष भार सुमारे ३२ टक्क्यांनी वाढतो. मे २०१९ मध्ये ओडिशात आलेले ‘फनी’ आणि जून २०२० मध्ये रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेले ‘निसर्ग’ या चक्रीवादळांत असंख्य छपरे उडाली. उडालेला पत्रा हा दुसऱ्याच्या जिवावर बेतणारा धोका असतो. त्यामुळे वाऱ्याच्या भाराचे गणित संरचना अभियंत्याकडून लेखी घेणे हा टाळण्याजोगा खर्च नाही.

हवामान आणि वापर

किनारपट्टीवर मिठाचे कण, तर रासायनिक औद्योगिक वसाहतींत आम्लयुक्त वाफा हे पत्र्याचे मुख्य शत्रू आहेत. वळचणीखालचा जो भाग पावसाने धुतला जात नाही, तेथे मीठ साचून गंज आधी दिसतो. अशा ठिकाणी जास्त मुलामा, टिकाऊ रंग किंवा अॅल्युमिनियम यांचा विचार करावा.

कोकण, ईशान्य भारत आणि केरळ येथे उतार आणि पन्हळ यांना महत्त्व येते. तासाला १०० मिलिमीटर पाऊस पडल्यास एक हजार चौरस मीटर छपरावरून तासाभरात एक लाख लिटर पाणी उतरते. दोन छपरांच्या मधल्या पन्हळीत पालापाचोळा अडकला, तर हे सर्व पाणी आत येते. शक्य असेल तेथे अशी आतली पन्हळ आराखड्यातच टाळावी.

विदर्भ, राजस्थान, तेलंगणा अशा उष्ण प्रदेशांत प्रश्न उष्णतेचा असतो. चकचकीत उघडा पत्रा ऊन परावर्तित करतो, पण शोषलेली उष्णता बाहेर टाकण्यात तो कमी पडतो. त्यामुळे हाताला चटका बसण्याइतका तापतो. फिकट रंगाचा पत्रा ही दोन्ही कामे चांगली करतो. ऊर्जा संवर्धन इमारत संहितेच्या २०१७ च्या आवृत्तीत शीत छपराची तरतूद आहे आणि तेलंगणाने २०२३ मध्ये शीत छपरांचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. शीत रंगाला उष्णतारोधक थर आणि आढ्यावरील वायुवीजन यांची जोड दिली, तर आत काम करणाऱ्यांना उन्हाळा सुसह्य होतो. दमट हवेत किंवा शीतगृहात पत्र्याच्या आतल्या बाजूला दव धरून मालावर ठिबकते. त्यासाठी उष्णतारोधक थराच्या उबदार बाजूस बाष्परोधक पडदा आवश्यक असतो.

सौरऊर्जा आणि देखभाल

छपरावर सौर पॅनल बसवायचे असल्यास तसे सुरुवातीलाच ठरवावे. पॅनल साधारण २५ वर्षे चालतात. छप्पर त्याआधी बदलावे लागले, तर संपूर्ण संच उतरवण्याचा खर्च पडतो. उभ्या शिवणीवर पॅनल छिद्र न पाडता शिकंज्यांनी बसवता येतात. पॅनलचा भार आणि वाऱ्याची वाढीव ओढ कैच्यांच्या आरेखनात धरलेली असावी.

बांधकामातील काही चुका छपराचे आयुष्य सुरुवातीलाच कमी करतात. ग्राइंडरने पत्रा कापल्यास ठिणग्या रंगात रुतून गंजाचे ठिपके उमटतात. पावसात उघड्यावर ठेवलेल्या गठ्ठ्यांत पाणी शिरून जस्तावर पांढरा गंज चढतो. छपरावर पडलेला स्क्रूचा लोखंडी कीस त्याच दिवशी झाडून काढावा. दरवर्षी पावसाळ्याआधी पन्हळी साफ करणे, वायसर तपासणे आणि ओरखडे रंगाने झाकणे एवढी देखभाल बहुतेक छपरांना पुरते. उजेडासाठी बसवलेले पारदर्शक पत्रे कालांतराने ठिसूळ होतात. त्यावर पाय पडून कामगार खाली कोसळण्याचा धोका असल्याने अशा जागांवर जाळी, तसेच छपरावर चालण्याची फळी आणि सुरक्षा दोर यांची व्यवस्था हवी.

निवडीचा क्रम

आधी इमारतीचा वापर आणि अपेक्षित आयुष्य निश्चित करावे, मग परिसरातील हवा व वाऱ्याचा वेग पाहावा. त्यावरून धातू आणि मुलामा ठरतो. छपराची लांबी आणि उतार यांवरून जोडणीची पद्धत ठरते आणि शेवटी दरांची तुलना होते. ही तुलना करताना पत्र्याच्या दराबरोबर बसवण्याचा, देखभालीचा, विजेचा आणि पुढे छप्पर बदलण्याचा खर्च मांडला, तर पहिल्या दिवशी महाग दिसणारा पर्याय अनेकदा स्वस्त ठरतो. हमीपत्र घेताना ती रंगाची आहे, मुलाम्याची आहे की गळतीची आहे, आणि समुद्रापासून किती अंतराच्या आत ती लागू होत नाही, हे वाचून घ्यावे. पत्र्याची हमी उत्पादक देतो, गळतीची जबाबदारी मात्र बहुधा बसवणाऱ्याची असते. ती करारात स्पष्ट नसेल, तर पहिल्या गळतीचा भार मालकालाच सोसावा लागतो.