घराचं रिनोव्हेशन काढताय? मीरा-भाईंदरमध्ये परवानगी कुठे लागते, कुठे लागत नाही

रमजान ईद जवळ आली किंवा घरात शादी ठरली की आपल्याकडे आधी रंगारी येतो, मागोमाग मिस्त्री. नया नगर, मीरा रोड, भाईंदरच्या जुन्या इमारतींमध्ये वन रूम किचन किंवा वन बीएचकेमध्ये सहा-सात माणसं राहतात. मुलगा लग्नाचा झाला की एक खोली वाढवायची असते आणि वाढवायला जागा एकच, बाल्कनी. मिस्त्री म्हणतो, "परवानगी-बिरवानगी काही लागत नाही, सगळेच करतात." तो अर्धंच खरं बोलतो. नोटीस आली तर ती मिस्त्रीच्या नव्हे, तुमच्या दारावर लागते.

आधी सोपी बाजू. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ४३ नुसार बांधकामाला महापालिकेची परवानगी लागते, पण ज्या कामाचा परिणाम फक्त इमारतीच्या आतल्या भागावर होतो आणि बाहेरचं रूप फारसं बदलत नाही, ते काम यातून वगळलं आहे. म्हणजे रंग, प्लास्टर, लादी बदलणं, फॉल्स सीलिंग, फर्निचर, किचनचा ओटा, नळ-वायरिंगची दुरुस्ती यांसाठी महापालिकेकडे जायची गरज नाही. घर राहण्याजोगं ठेवण्याची ही किरकोळ दुरुस्ती. सोसायटीला मात्र लेखी कळवावं लागतं, ते पुढे सांगतो.

आता अवघड बाजू. भिंत पाडणं, बीम किंवा कॉलमला हात लावणं, दोन फ्लॅट जोडून एक करणं, एका फ्लॅटचे दोन करणं, पोटमाळा टाकणं, बाल्कनी आत घेणं, गच्चीवर शेड मारणं, तळमजल्याच्या घराचं दुकान करणं, ही कामं 'आतली' वाटली तरी कायद्याच्या नजरेत साधी दुरुस्ती नाहीत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २५३ व २५४ प्रमाणे इमारतीत भर घालण्याआधी किंवा असे बदल करण्याआधी आयुक्तांना कळवावं लागतं. काय बसतं आणि काय बसत नाही, हे डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीवरून ठरतं. मुंबई महापालिकेची नियमावली वेगळी आहे. त्यामुळे "माझ्या कुर्ल्याच्या भावाने केलं" हा दाखला इथे चालत नाही. अर्ज मालकाने नुसता साध्या कागदावर लिहून भागत नाही. नोंदणीकृत आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरमार्फत नकाशासह तो नगररचना विभागाकडे जातो, आणि कॉलम-बीमचा प्रश्न असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही लागते.

ही सही म्हणजे कागदी खेळ नाही. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरच्या दामोदर पार्कमध्ये सिद्धी साई ही चार मजली इमारत कोसळली आणि १७ माणसं गेली. तळमजल्यावर रिनोव्हेशनचं काम चालू होतं आणि त्यात इमारतीच्या खांबांना धक्का लावला गेल्याचा आरोप झाला. काम एकाच्या जागेत होतं, मेले वरच्या मजल्यांवरचे शेजारी. मीरा-भाईंदरमधल्या कितीतरी इमारती १९८० च्या दशकातल्या आहेत, खाडीच्या खाऱ्या हवेत उभ्या आहेत आणि स्लॅबमधल्या सळ्या गंजलेल्या आहेत. अशा स्लॅबवर वजनाचा हिशोब करा. दहा फूट लांब आणि साडेनऊ फूट उंच अशी साडेचार इंची विटेची एक नवी भिंत दोन टनांच्या आसपास जाते. जुनी लादी न काढता तिच्यावर दोन इंच माल टाकून नवी टाइल बसवली की दर चौरस मीटरला शंभर किलोच्या वर भर पडते. पार्टिशन हवंच असेल तर हलक्या ब्लॉकचं किंवा बोर्डाचं करा. इमारत तीस वर्षांची झाली असेल तर कलम २६५ अ प्रमाणे तिची नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घेणं बंधनकारक आहे. तो रिपोर्ट सोसायटीकडे मागा, आणि तो हातात आल्याशिवाय तोडफोड सुरू करू नका.

संडास-बाथरूमची जागा बदलणं हा भांडणाचा मोठा विषय. आपला संडास खालच्या शेजाऱ्याच्या किचनवर आला की गळती आज नाही तर उद्या होणारच. वजूसाठी खाली बसायची नळाची जागा बऱ्याच घरांत नवी केली जाते. तिथे वॉटरप्रूफिंग न करता टाइल बसवली, तर पहिला डाग खालच्यांच्या छताला दिसतो. आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, पण संडास, सिंक अशा आतल्या गळतीचा खर्च ज्याचा फ्लॅट त्याचा.

सोसायटीची परवानगी लेखीच घ्या. सभासदाने कमिटीच्या लेखी मंजुरीशिवाय फ्लॅटमध्ये फेरबदल करू नयेत, असं उपविधी सांगतात. अर्जासोबत कामाची यादी जोडा, डिपॉझिट भरलं तर पावती घ्या. कामाच्या वेळा सोसायटी ठरवते. ध्वनी प्रदूषणाच्या नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा ही शांततेची वेळ आहे. सोसायटीची एनओसी म्हणजे महापालिकेची परवानगी नव्हे, हे मात्र पुष्कळांना माहीतच नसतं. कमिटीने बाल्कनी बंद करायला 'हो' म्हटलं म्हणून ती कायदेशीर होत नाही.

भाड्याने राहत असाल तर घरमालकाची लेखी संमती आधी. पगडीच्या घरात संमतीशिवाय पक्कं बांधकाम केलं, तर भाडे नियंत्रण कायद्याखाली ते घर खाली करायला लावण्याचं कारण ठरू शकतं. सहज काढता येणारं पार्टिशन किंवा किचन स्टँड त्यात धरत नाहीत.

राडारोडा कुठे जातो, हेही विचारा. स्वस्तात उचलणारा टेम्पोवाला रात्री तो खाडीकाठी कांदळवनात ओतून येतो. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाची नासधूस आणि त्यापासून पन्नास मीटरच्या पट्ट्यातली बांधकामं रोखणारा आदेश दिला आहे. टेम्पो पकडला गेला की चौकशीत पहिला प्रश्न "माल कुणाचा?" हाच असतो.

नोटीस आली तर घाबरून दार लावून घेऊ नका आणि दलालाच्या हाती रोख पैसेही देऊ नका. नोटीस कोणत्या कलमाखाली आहे, कुणाच्या सहीची आहे, तारीख कोणती, हे वाचा. जानेवारी २०२४ मध्ये नया नगर परिसरातल्या दुकानांवर बुलडोझर फिरला, ते इथल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यानंतर १३ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायमूर्ती गवई आणि न्यायमूर्ती विश्वनाथन यांच्या पीठाने निकाल दिला. नोटीस रजिस्टर्ड पोस्टाने पाठवायची आणि बांधकामावर चिकटवायची, किमान पंधरा दिवसांची मुदत द्यायची, प्रत्यक्ष म्हणणं ऐकायचं, कारणांसह आदेश काढायचा, आदेशानंतर आणखी पंधरा दिवस थांबायचं आणि पाडकामाचं चित्रीकरण करायचं. हे संरक्षण रस्ता, फूटपाथ, रेल्वेलगतची जागा किंवा नदी-जलाशयाच्या जागेवरच्या अतिक्रमणाला नाही, कोर्टानेच पाडायला सांगितलेल्या बांधकामालाही नाही. आणि ते बेकायदा बांधकामाला कायदेशीर करत नाही, बोलायची वेळ देतं. पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्या, पोच घ्या, वकील गाठा.

उत्तरात सगळ्यात उपयोगी पडतो तो इमारतीचा मंजूर नकाशा. तो सोसायटीकडे नसेल तर माहिती अधिकारात महापालिकेकडे अर्ज करा. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे, म्हणून नोटीस येण्याची वाट पाहू नका. नकाशात बाल्कनी कुठे संपते ते एकदा बघून घ्या, मग मिस्त्रीला बयाणा द्या.