हेराल्ड: एका बदनाम गाडीची कैफियत

गोव्यात ‘हेराल्ड’ म्हटलं की आधी वर्तमानपत्र आठवतं. 1900 साली पोर्तुगीज भाषेत सुरू झालेलं ‘ओ हेराल्दो’, जे 1983 साली इंग्रजी झालं. पण जुन्या मंडळींना आणखी एक हेराल्ड आठवेल. चार चाकांची, मद्रासहून आलेली. आणि ती आठवली की हसूही येईल. ‘पाय फाकवून चालणारी’, ‘वळणावर रस्ता सोडणारी’, ‘पावसात आत छत्री धरावी लागणारी’ अशी तिची ख्याती.

परवा साखळीला गेलो होतो. मामांच्या घरी गोठ्याशेजारच्या पडवीत त्यांची स्टँडर्ड हेराल्ड अजून उभी आहे. जुन्या ‘जीडी’ क्रमांकाची, ताडपत्रीखाली झाकलेली. मामा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मामेभावाने ताडपत्रीचं टोक उचललं आणि विचारलं, "दादा, ही भंगारांत दिवूं?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. कारण प्रश्न फक्त गाडीचा नव्हता. मामांनी फियाट सोडून हेराल्ड घेतली म्हणून सगळ्या नातेवाइकांनी त्यांना जन्मभर हसून घेतलं होतं. लग्नकार्यात विषय निघाला की मामा गप्प बसत. तेव्हा म्हटलं, एकदा या गाडीचा खटला नीट चालवून बघूया. आरोप खरे किती, ऐकीव किती?

आधी पार्श्वभूमी. मुक्तीपूर्वीचा गोवा गाड्यांच्या बाबतीत गिरेस्त होता. खाणींचा पैसा येऊ लागला होता आणि आयातीला आडकाठी नव्हती. मर्सिडीज, ओपेल, फोक्सवॅगन, मॉरिस अशा गाड्या आपल्या लाल मातीच्या रस्त्यांवर फिरत होत्या. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला आणि भारताचे आयात-नियम इथेही लागू झाले. आता गाडी घ्यायची तर देशात बनणाऱ्या तीनच: कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याची अँबॅसेडर, मुंबईत कुर्ल्याला बनणारी प्रीमियरची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. योगायोग असा की स्टँडर्डने हेराल्ड भारतात आणली तीही 1961 सालीच. म्हणजे मुक्त गोव्याची आणि या गाडीची उमर एकच!

हेराल्डचं मूळ इंग्लंडचं. ट्रायम्फ हेराल्ड या नावाने ती 1959 साली तिथे बाजारात आली. रेखाटन जोवान्नी मिकेलोत्ती या इटालियन कलावंताचं. तेव्हा बहुतेक कारखाने सांगाडा आणि पत्रा एकजीव करून गाड्या बनवू लागले होते. हेराल्डला मात्र जुन्या पद्धतीची वेगळी चासी होती आणि तिच्यावर तुकड्यातुकड्यांनी बोल्टने जोडलेला पत्रा. यामागे हौस नव्हती, अडचण होती. स्टँडर्ड-ट्रायम्फला पत्र्याचे सांगाडे पुरवणारा कारखाना 1953 साली प्रतिस्पर्धी बीएमसीने विकत घेतला होता. एकजीव सांगाडा मिळेना, म्हणून लहान लहान भाग वेगवेगळ्या ठिकाणी करून घेऊन जोडायचे ठरले.

इथेच पहिल्या आरोपाचा उगम आहे: खडखडते आणि गळते. आरोप खरा आहे. जिथे जोड तिथे फट, आणि फटीत रबर. इंग्लंडच्या रिमझिम पावसातच त्या रबराची परीक्षा होई, मग आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळणाऱ्या पावसाचं काय सांगावं! पण याच जोडकामाची दुसरी बाजू कुणी सांगत नाही. पत्र्याचा एखादा भाग चेपला तर तेवढाच सोडवून बदलता येतो. पुढचं अख्खं बॉनेट मडगार्डांसकट पुढे उघडतं आणि इंजिन, स्टिअरिंग, पुढची चाकं सगळं ताटात वाढल्यासारखं समोर येतं. पुढचं चाक इतकं वळतं की गाडी साडेसात मीटरच्या वर्तुळात फिरते. साखळीच्या बाजारात, जिथे दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकाने मागे जायचं, तिथे या गुणाची किंमत ज्याने गाडी चालवली त्यालाच कळेल.

दुसरा आरोप: दम नाही. इंजिन 948 सीसीचं, ताकद जेमतेम 35 अश्वशक्ती. फियाटचं 1089 सीसीचं, अँबॅसेडरचं पुढे 1489 सीसीचं. पाच माणसं आणि सामान घालून अनमोडचा घाट चढायचा म्हणजे हेराल्डला दुसऱ्या गिअरचीच संगत. हाही आरोप मान्य. पण यात गाडीचा दोष किती? इंग्लंडमध्ये 1961 सालीच हेराल्डला 1147 सीसीचं इंजिन मिळालं. आपल्याकडे परवाना राज्यात तेच 948 सीसीचं वर्षानुवर्षं चालू राहिलं. मात्र त्या बदल्यात दुसरी एक गोष्ट घडली. स्टँडर्डने हळूहळू जवळजवळ सगळी गाडी इथेच बनवायला घेतली. शिवाय साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात चार दारांची हेराल्ड काढली. इंग्लंडात चार दारांची हेराल्ड कधी निघालीच नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना पुढची सीट वाकवून मागे बसवायचं हे आपल्याकडे चालणारं नव्हतं, हे मद्रासच्या माणसांनी ओळखलं. मामांची गाडी त्याच चार दारांच्या मालिकेतली.

आता मुख्य आरोप. मागची चाकं. फियाट किंवा अँबॅसेडरला मागे एक अखंड अ‍ॅक्सल असतो, दोन्ही चाकं त्याच्या दोन टोकांना ताठ बसवलेली. हेराल्डमध्ये डिफरन्शियल चासीला पक्कं, आणि त्याच्या दोन बाजूंना दोन अर्धे दांडे, फक्त आतल्या टोकाला सांधा असलेले. वर आडवा एकच कमानपाटा. पक्ष्याने पंख हलवावेत तशी चाकं वरखाली होतात. खड्ड्यातून जाताना एका चाकाचा धक्का दुसऱ्याला लागत नाही, हा फायदा. पण चाक वरखाली होताना त्याचा कलही बदलतो. गाडी भरलेली असेल तर मागची चाकं खालून फाकतात आणि टायर आतल्या कडेने झिजतात. आपल्याकडे गाडी रिकामी कधी होती? पाच जण आत, डिकीत नारळ. म्हणून ‘पाय फाकवून चालते’.

खरा धोका मात्र उलट परिस्थितीत. चालक एकटा, डिकी रिकामी, वेग जास्त, आणि ऐन वळणात घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला किंवा ब्रेक दाबला, की मागचा भाग उचलतो, बाहेरचं चाक आत दुमडतं, टायर कडेवर येतो आणि शेपूट सुटते. हे काल्पनिक नाही. याच पद्धतीच्या अ‍ॅक्सलमुळे अमेरिकेत शेव्हरोले कॉर्व्हेअर बदनाम झाली आणि राल्फ नेडर यांनी 1965 साली आपल्या गाजलेल्या पुस्तकाचं पहिलं प्रकरणच तिच्यावर लिहिलं. पण पुढे काय झालं? 1972 साली अमेरिकी सरकारच्याच तपासणीचा निष्कर्ष आला की कॉर्व्हेअर त्या काळातल्या तिच्यासारख्या इतर गाड्यांपेक्षा वेगळी धोकादायक नव्हती.

आणि गंमत बघा. पोर्तुगीज काळात आपण ज्यांच्याकडे माना वळवून बघत होतो त्या फोक्सवॅगन बीटलला आणि पन्नाशीच्या दशकातल्या मर्सिडीजलाही मागे याच जातीचा झुलता अ‍ॅक्सल होता. मर्सिडीजची रचना अधिक काळजीपूर्वक केलेली होती हे खरं, पण तत्त्व तेच. तिच्याबद्दल कुणी म्हणालं नाही की पाय फाकवून चालते. श्रीमंताच्या लंगडण्याला चाल म्हणतात, गरिबाच्या चालीला लंगडणं!

याच हेराल्डची चासी आखूड करून ट्रायम्फने 1962 साली दोन सीटांची स्पोर्ट्स कार काढली: स्पिटफायर. रेखाटन पुन्हा मिकेलोत्तीचं. कंपनी डबघाईला आल्यामुळे ते काम बाजूला पडलं होतं. 1961 साली लेलँडने कंपनी ताब्यात घेतली, तेव्हा नव्या मालकांच्या माणसांना कारखान्याच्या एका कोपऱ्यात कापडाखाली झाकलेला हा नमुना सापडला. साध्या पगारदाराला परवडणारी स्पोर्ट्स कार म्हणून ती 1980 पर्यंत चालली आणि तीन लाखांहून अधिक विकली गेली. मागची चाकं तीच, खोड तीच, शिव्याही त्याच. पण तिथे 1970 साली खोड काढली गेली. कमानपाट्याच्या मधल्या पानांना थोडं डुलायला मोकळीक दिली, पुढचा अँटी-रोल बार जाड केला, बस. एवढ्या स्वस्त दुरुस्तीने गाडी शहाणी झाली.

आपल्या हेराल्डला ती दुरुस्ती मिळाली नाही. सत्तरीच्या सुरुवातीला तिच्याच अंगावर बेतलेली स्टँडर्ड गझेल आली, तिला सरळ अखंड अ‍ॅक्सल बसवला. गिऱ्हाइकांची आणि मेकॅनिकांची तक्रार मिटली, पण जुन्या हेराल्डवर कायमचा शिक्का बसला. कंपनीनेच बदलला म्हणजे वाईटच असणार ना!

शेवटचा मुद्दा देखभालीचा. हेराल्डच्या पुढच्या चाकाचा सांधा पितळी आटे असलेल्या ठोकळ्यात फिरतो. त्याला ग्रीस नव्हे, जाड गिअर ऑईल घालायचं असतं, हे कंपनीच्या पुस्तकात छापलेलं आहे. पण ग्रीसगन हातात आली की सगळ्या निपलांना सारखाच न्याय! ग्रीस आट्यांत पोचत नाही, आत पाणी साचतं, गंज चढतो आणि एक दिवस सांधा तुटून चाक आडवं होतं. हे जगभर घडलं. दोष नाजूक रचनेचाही आहे, नाही असं नाही. पण पुस्तक न वाचणाऱ्याचा वाटा मोठा.

तर निकाल काय? गळते: होय. घाटात दमते: होय. वळणात घाबरून पाय काढला तर दगा देते: होय, आणि हे लपवून कुणाला ही गाडी देऊ नये. पण ‘टाकाऊ’? नाही. ती अडचणीतून जन्मलेली, हुशारीने बेतलेली, मेकॅनिकसाठी सोपी आणि अरुंद रस्त्यांसाठी उत्तम गाडी होती. भाराने भरलेल्या, पुस्तक न वाचता हाकल्या जाणाऱ्या आणि सुधारणेची वाट बंद असलेल्या देशात तिच्या उणिवाच ठळक दिसल्या. मामा बॉनेट उघडून तासन् तास त्या ठोकळ्यांत तेल घालत बसत. आम्ही म्हणायचो, मामांना दुसरं काम नाही. आता कळतं, आमच्यापैकी पुस्तक वाचलेला माणूस तो एकटाच होता.

मामेभावाला मी एवढंच सांगितलं: "पडवी हवी असेल तर दी. तुझी गाडी, तुझी जागा. पण ‘बाबांनी वाईट गाडी घेतली होती’ म्हणून देऊ नकोस."

तो हसला आणि ताडपत्री पुन्हा नीट ओढून घेतली. मराठीत भंगार आणि आमच्या कोंकणीत सोन्याला भांगर. काना तेवढा एक अक्षर अलीकडे सरकतो. असो.